स्पीड टेस्टला ९५, मग स्टीमवर ३ का?

जुळे सोलापुरातून एकाने विचारलंय. घरी फायबरचं १०० एमबीपीएसचं कनेक्शन आहे, मोबाईलवर स्पीड टेस्ट केली की ९४-९५ दिसतात, यूट्यूबवर फोर-के व्हिडिओ अडखळत नाही. पण कॉम्प्युटरवर स्टीममधून (कॉम्प्युटरच्या गेम विकणारं ऑनलाइन दुकान) ७० जीबीची गेम लावली की आकडा ३ च्या वर जाईना, रात्रभर मशीन चालू ठेवावं लागलं. थोरल्या भावाच्या पीएस४ (सोनीचं गेम खेळायचं यंत्र, प्लेस्टेशन ४) वर अपडेट त्याहून हळू, आणि आईच्या फोनवर प्ले स्टोअरमधली ॲप्स 'पेंडिंग' म्हणून तासन्‌तास बसून. नेटवाल्याला बोलावलं तर त्याने आपल्या मोबाईलवर स्पीड टेस्ट करून दाखवली, "आमच्याकडनं सगळं ओके आहे की ओ" म्हणाला आणि ३०० चा प्लॅन घ्या असं सुचवून गेला. घ्यावा का?

आत्ता तरी घेऊ नका. मी सोलापुरात ब्रॉडबँडच्याच कामात आहे. खांबावरचे जॉइंट केलेत, आता जास्त वेळ ऑफिसात राउटर आणि ट्रॅफिकचे आलेख बघण्यात जातो. तुमच्यासारख्या तक्रारी आमच्याकडे रोज येतात आणि त्यांतल्या थोड्याच मोठा प्लॅन घेऊन सुटतात. तुमच्याकडे बहुधा तीन वेगळी दुखणी एकाच वेळी आहेत: कॉम्प्युटरचं एक, पीएस४ चं दुसरं आणि फोनचं तिसरं. तिघांवर ३०० चा एकच उतारा चालणार नाही. घर न बघता छातीठोक सांगता येत नाही हे खरं. तुमचा नेटवाला वरच्या कुठल्या कंपनीकडून बँडविड्थ (नेटची क्षमता) घेतो, राउटर कुठल्या खोलीत आहे, कॉम्प्युटरमध्ये जुनी फिरती हार्ड डिस्क आहे की वेगवान एसएसडी, यावर उत्तर बदलेल. पण शोधायचं कसं ते सांगता येतं.

आधी आकड्यांचा हिशोब लावू, कारण निम्मी भांडणं इथेच मिटतात. प्लॅन विकला जातो मेगाबिटमध्ये, स्टीम दाखवतं मेगाबाइटमध्ये, आणि ८ बिट मिळून १ बाइट होतो. म्हणजे १०० एमबीपीएसच्या लाइनवर स्टीममध्ये जास्तीत जास्त १२.५ दिसणार, मालासोबत जाणाऱ्या पत्ते-नोंदींचा वरखर्च जाऊन प्रत्यक्षात ११ ते साडेअकरा. त्या वेगाने ७० जीबीला पावणेदोन तास लागतात. स्टीमच्या सेटिंगमध्ये डाउनलोड्समध्ये जाऊन वेग बिटमध्ये दाखवायचा पर्याय चालू करा, म्हणजे प्लॅनशी थेट तुलना करता येईल. तुम्हाला ३ दिसतात, म्हणजे २४ मेगाबिट. तेव्हा "१०० ऐवजी ३" अशी तक्रार चुकीची, पण "९५ ऐवजी २४" ही तक्रार अगदी रास्त आहे. ती लाइन कुठे अडकते ते शोधायचं.

आता तुमच्या नेटवाल्याने दाखवलेल्या त्या ९५ बद्दल. तो खोटं बोलला नाही, पण त्याने अर्धीच वाट मोजली. ऊकला कंपनीची ही नेहमीची स्पीड टेस्ट आपणहून जवळचा सर्व्हर निवडते. तो बऱ्याचदा नेट पुरवणाऱ्या कंपनीच्याच किंवा तिच्या वरच्या कंपनीच्या जाळ्यात बसवलेला असतो. शिवाय ही टेस्ट एकदम अनेक कनेक्शन उघडून लाइन भरते. म्हणजे घरापासून गावातल्याच सात रस्ता चौकापर्यंत गाडी किती जोरात पळते ते बघितलं आणि त्यावरून पुण्याला किती वाजता पोचणार ते सांगितलं, असं झालं. यूट्यूबचंही तसंच. गूगल आपले कॅशे सर्व्हर (लोकप्रिय मालाच्या प्रती साठवणारे) नेट कंपन्यांच्या जागेत ठेवून देतं, नेटफ्लिक्सही ठेवतं. लोक सगळ्यांत जास्त बघतात तो व्हिडिओ त्यामुळे जवळूनच मिळतो. स्टीम, प्लेस्टेशन, एपिक या गेमच्या दुकानांचा माल मात्र बऱ्याच छोट्या कंपन्यांकडे विकत घेतलेल्या बँडविड्थवरून येतो. रात्री आठ ते बारा सगळं गाव घरी असतं तेव्हा ही बँडविड्थ आधी तुंबते. यूट्यूब मख्खन चालतं, स्पीड टेस्ट हिरवी येते आणि गेम रांगते. तुमची लक्षणं ऐकून माझा पहिला संशय याच जागेवर आहे.

संशय खरा की खोटा ते दोन गोष्टींनी कळतं, आणि दोन्हींना पैसा लागत नाही.

पहिली म्हणजे वेळ बदला. तीच गेम, तेच मशीन, तीच केबल. एकदा रात्री दहाला बघा, एकदा सकाळी सहाला. सकाळी ११ आणि रात्री ३ आले तर तुमच्या घरात काही बिघडलेलं नाही, वरचा रस्ता भरलाय. दोन्ही वेळी ३ च आले तर घरात बघायला लागा. एक अपवाद लक्षात ठेवा. एखादी मोठी गेम बाजारात आली त्याच दिवशी, किंवा स्टीमची आठवड्याची देखभाल चालू असताना, जगभरच वेग पडतो. ही देखभाल अमेरिकेत मंगळवारी होते, आपल्याकडे तेव्हा बुधवारची पहाट असते. म्हणून सकाळची चाचणी बुधवारी करू नका.

दुसरी म्हणजे वाट बदला. भावाच्या फोनवर फाइव्ह-जी असेल तर त्याचा हॉटस्पॉट कॉम्प्युटरला जोडा आणि तीच गेम पाचच मिनिटं डाउनलोड करा. वेगाप्रमाणे एक ते सहा जीबी जातील, जाऊ द्या. हॉटस्पॉटवर स्टीम एकदम १५-२० मेगाबाइट दाखवायला लागलं तर कॉम्प्युटर, डिस्क, अँटिव्हायरस सगळे निर्दोष ठरले. हॉटस्पॉटवरही ३ लाच अडकलं, आणि त्याच हॉटस्पॉटवर कॉम्प्युटरवरून केलेली स्पीड टेस्ट मात्र चांगली असली, तर लाइनला शिव्या देणं थांबवा आणि मशीन उघडा. आमचा माणूस घरी जातो तेव्हा पहिलं काम हेच करतो. त्याआधी राउटरला हातही लावत नाही, कारण राउटर एकदा रिसेट केला की काय बदललं आणि कशाने सुधारलं हेच कळेनासं होतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम पाळा.

वरच्या रस्त्यात गर्दीशिवाय अंतरही मोजलं जातं. पाठवणारा सर्व्हर थोडा माल पाठवतो आणि पोच मिळेपर्यंत थांबतो. समजा एका दमात ६४ केबीच माल सुटतोय. मुंबईच्या सर्व्हरवर जाऊन यायला २० मिलिसेकंद लागत असतील तर त्या एका कनेक्शनला २६ मेगाबिटपर्यंत वेग मिळतो. तोच माल परदेशातून २०० मिलिसेकंदांनी येत असेल तर २.६. लाइन तीच, प्लॅन तोच. आजची मशीनं हा दम आपोआप वाढवतात, त्यामुळे इतकी वाईट अवस्था सहसा होत नाही. पण वाटेत पॅकेट (मालाचे छोटे तुकडे) गळायला लागली की दम पुन्हा आखडतो, आणि लांबच्या सर्व्हरवर तो पूर्ववत व्हायलाही वेळ लागतो. सोलापूर-मुंबई हे अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे नुसत्या अंतराचे जाऊन-येऊन ४ मिलिसेकंद. वाटेतली यंत्रं आणि पुण्यावरून पडणारा वळसा धरला तर १० ते २० हा चांगला आकडा. ६०-७० दिसले तर माल बहुधा सिंगापूरकडून येतोय, १२०-१३० च्या पुढे गेले की युरोप समजा.

हा आकडा बघायला कुठलं सॉफ्टवेअर घालायला नको. विंडोजमध्ये रिसोर्स मॉनिटर उघडा, नेटवर्कच्या पानावर टीसीपी कनेक्शन्सची यादी असते. डाउनलोड चालू असताना त्यात स्टीमच्या ओळी शोधा. शेवटच्या दोन रकान्यांत पॅकेट लॉस (गळती) आणि लेटन्सी (जाऊन यायला लागणारे मिलिसेकंद) दिसते. लेटन्सी १५ आणि लॉस शून्य असूनही वेग ३ असेल तर गोष्ट मशीनकडे झुकते. लेटन्सी शंभराच्या वर किंवा लॉसच्या रकान्यात काही ना काही सतत येत असेल तर रस्त्याकडे.

रस्त्यावर तुमच्या हातात दोनच गोष्टी आहेत. स्टीममध्ये डाउनलोड रीजन बदलता येतो. तिथे मुंबई असेल तर भारतातलं दुसरं एखादं शहर लावून बघा, आणि तेही जमलं नाही तर सिंगापूर. विचित्र वाटेल, पण मुंबईच्या त्या ठराविक सर्व्हरकडे जाणारी तुमच्या कंपनीची वाट तुंबलेली असेल तर लांबचा सर्व्हर जास्त वेग देतो. रीजन बदलला की स्टीम पूर्ण बंद करून उघडा. डाउनलोड कॅशे साफ करायचा पर्यायही तिथेच आहे. त्याने कधी फरक पडतो, कधी नाही, पण नंतर पुन्हा लॉग-इन करावं लागतं, तेव्हा पासवर्ड आठवत असेल तरच दाबा.

दुसरी गोष्ट डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिच्या सर्व्हरचा पत्ता शोधून देणारी सेवा. याबद्दल इतकं काही सांगितलं जातं की लोकांना तो रामबाण वाटतो. डीएनएस लाइनचा वेग वाढवत नाही. काही स्टोअर मात्र तुमचा डीएनएस कुठून विचारतोय त्यावरून तुमच्यासाठी जवळचा सर्व्हर ठरवतात. तुम्ही राउटरवर बाहेरचा डीएनएस टाकला असेल आणि तुमच्या कंपनीची त्याकडे जाणारी वाट परदेशातून असेल, तर स्टोअरला वाटतं तुम्हीही तिकडेच राहता. गूगलचा ८.८.८.८ तुमच्या पत्त्याचा थोडा भाग पुढे कळवतो म्हणून त्यात ही चूक कमी होते. क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ खासगीपणासाठी तो कळवत नाही. त्यामुळे माझा सल्ला सरळ आहे: आधी नेट कंपनीचा स्वतःचा डीएनएस ठेवून मोजा, मग गूगलचा. प्लेस्टेशन आणि आयफोनच्या बाबतीत याचा फरक दिसू शकतो. स्टीमवर सहसा दिसत नाही, कारण स्टीम आपली सर्व्हरची यादी निवडलेल्या रीजनवरून घेतं.

इथवर थोडक्यात: सकाळी चांगलं आणि रात्री वाईट असेल तर कंपनीची वरची बँडविड्थ. हॉटस्पॉटवरही वाईट असेल तर मशीन. लेटन्सी जास्त असेल तर चुकीचा सर्व्हर. यातलं काहीच जुळत नसेल तर घरातली वायर आणि वायफाय.

मशीनचं सांगतो, कारण हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. स्टीमवरून येणारा माल दाबून बांधलेला असतो. तो सोडवायला प्रोसेसर लागतो आणि लिहायला डिस्क. डाउनलोडच्या पानावर आलेख बघा, नेटवर्कच्या निळ्या पट्ट्या आणि डिस्कची हिरवी रेघ. पट्ट्या एकसारख्या बुटक्या असतील तर रस्ता अरुंद आहे. पट्ट्या उंच जातात, एकदम शून्यावर पडतात, पुन्हा उंच जातात आणि त्या शून्याच्या काळात हिरवी रेघ चालूच असते, असं दिसलं तर स्टीमने नेटला थांबवून ठेवलंय आणि डिस्क मागचं उरकते आहे. त्याच वेळी टास्क मॅनेजर उघडलात तर डिस्कच्या रकान्यात १०० टक्के दिसेल. जुनी हार्ड डिस्क सलग लिहिताना सेकंदाला शंभर मेगाबाइटच्या पुढे जाते, पण इकडचा तुकडा तिकडचा तुकडा लिहायला लावलं की तिचा पार चुथडा होतो. गेमच्या अपडेटमध्ये नेमकं तेच होतं. बदललेला भाग २०० एमबीच डाउनलोड होतो, पण तो ज्या मोठ्या फायलीत बसवायचा ती अख्खी फाइल पुन्हा लिहावी लागते. लोक समजतात २०० एमबीला अर्धा तास लागला, नेट भंगार. नेट तर पहिल्याच मिनिटात मोकळं झालेलं असतं.

उपाय म्हणजे गेम एसएसडीवर घ्या, आणि ती काठोकाठ भरू देऊ नका, कारण भरलेली एसएसडीही मंदावते. अँटिव्हायरसवर संशय असेल तर फक्त स्टीमच्या लायब्ररीचा फोल्डर तपासणीतून वगळून पाच मिनिटं बघा. फरक पडला नाही तर परत होता तसा करा. अख्खा अँटिव्हायरस बंद करून ठेवायचा सल्ला मी कुणालाच देत नाही.

तुमच्या लक्षणांत फोन ९५ दाखवतो आणि कॉम्प्युटर २४, हेही डोळ्यांत भरतं. दोघांचं वायफाय सारखं आहे का? जुन्या कॉम्प्युटरला लावलेलं वायफायचं छोटं डोंगल बहुतेक वेळा फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, तर फोन ५ वर असतो. २.४ मध्ये एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. सोसायटीत किंवा पेठेतल्या दाटीच्या गल्लीत वीस-पंचवीस राउटर त्याच तीन चॅनलवर बोलत असतात. तिथे २०-३० मेगाबिट मिळाले तरी खूप. तेव्हा हॉटस्पॉटची सोडून वर सांगितलेल्या सगळ्या चाचण्या लॅन केबल लावूनच करा. केबल लावल्या लावल्या ३ चे ११ झाले तर बाकीचं वाचायची गरज नाही.

केबलवरून एक प्रसंग सांगतो, कारण तो तुमच्या ३०० च्या प्रश्नाला लागू आहे. अक्कलकोट रोडला एका टॉवेल कारखानदाराचं घर, खाली माग, वर राहायला. त्यांनी १०० वरून २०० चा प्लॅन घेतला आणि आकडा ९४ वरून हलेना. वायफायला ठीक, मुलाच्या कॉम्प्युटरला मात्र ९४ म्हणजे ९४. ९४-९५ हा आकडा दिसला की माझं लक्ष आधी वायरीकडे जातं, कारण १०० एमबीपीएसच्या लॅन जोडणीची ती मर्यादाच आहे. कॉम्प्युटरमागची क्लिप काढून उजेडात धरली. आठ तारांपैकी चारच आत गेलेल्या, नारंगी आणि हिरवी जोडी. निळी आणि तपकिरी कापून मागे दुमडून टेप मारलेला. वाटेत मात्र त्याच दोन जोड्यांवर सीसीटीव्हीचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचं यंत्र) चालवला होता. कुणीतरी एका वायरीत दोन कनेक्शन काढून वायर वाचवली होती. १०० च्या वेगाला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात, एवढाच मुद्दा. नवी वायर टाकली, आकडा १९० वर गेला. जाता जाता राउटरच्या जाळीत अडकलेला सुताचा धुरळाही ब्रशने काढला. मागाच्या घरात तो महिन्या-दोन महिन्यांनी काढावाच लागतो, नाहीतर यंत्र तापतं. आणि पत्र्याच्या खोलीत माळ्यावर राउटर ठेवलेला असेल तर मे महिन्यात त्याच्याकडून कसलीच अपेक्षा करू नका. त्याला खाली, मोकळ्या हवेत आणा.

म्हणून ३०० घेण्याआधी आपल्या यंत्राखालचं लेबल आणि पोर्ट बघा. फायबरच्या स्वस्तातल्या ओएनयूला (घरात फायबर ज्याला लागतो ते यंत्र) दोन लॅन पोर्ट असले तरी त्यातला बऱ्याचदा एकच गिगाबिटचा असतो, दुसरा १०० चा. वायफायही फक्त २.४ चं असतं. अशा यंत्राच्या १०० च्या पोर्टवर ३०० चा प्लॅन घेतला तर बिल ३०० चं येईल आणि मिळतील तेच ९४.

आता भावाचा पीएस४. तो पहिल्या पिढीचा, २०१३ च्या घडणीचा जाड मॉडेल असेल तर त्यात फक्त २.४ गिगाहर्ट्झ वायफाय आहे. ५ वालं वायफाय २०१६ च्या स्लिम आणि प्रो पासून आलं. सोलापुरात सेकंडहँड विकले जाणारे बरेच पीएस४ जुनेच असतात, म्हणून आधी मॉडेल बघा. त्याला लॅन केबल लावणं हा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत पक्का उपाय. दुसरं, गेम मागे चालू ठेवून डाउनलोड करू नका. होम बटण दाबून गेम बाजूला गेली तरी ती चालूच असते, आणि कन्सोल तेव्हा डाउनलोडच्या बाबतीत मुद्दाम आखडता हात घेतो. गेम पूर्ण बंद करा, फरक त्याच मिनिटात दिसतो. तिसरं, डाउनलोड पॉज करून पुन्हा सुरू करा. हा उपाय अंधश्रद्धेसारखा वाटतो, पण त्याला कारण आहे. नवं कनेक्शन उघडतं आणि कधी कधी वेगळा सर्व्हर मिळतो. आणि चौथं, अपडेटनंतर जी 'कॉपी' नावाची पट्टी अर्धा तास सरकते तिचा नेटशी काही संबंध नाही. पीएस४ अख्खी गेम नव्याने लिहून घेतो. त्याला तेवढी मोकळी जागाही लागते. रात्री रेस्ट मोडवर लावणार असाल तर सेटिंगमध्ये रेस्ट मोडमध्ये नेट चालू ठेवायचा पर्याय लावा, आणि राउटर आणि कन्सोल दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. पहाटे लाईट गेली तर नुसतं डाउनलोडच थांबत नाही, हार्ड डिस्कलाही धक्का बसतो.

आईच्या फोनचं 'पेंडिंग' हे बहुतेक वेळा वेगाचं दुखणंच नसतं. प्ले स्टोअर ॲप्स रांगेत लावतं. आपोआप होणारे अपडेट तर ते फोन वायफायवर, चार्जिंगला आणि रिकामा असण्याची वाट बघून करतं. तुम्ही नवं ॲप टाकायला जाता तेव्हा ते पंधरा अपडेटच्या मागे उभं असतं. 'ॲप्स मॅनेज करा' मध्ये जाऊन बाकीचे थांबवा, नवं लगेच हलेल. डेटा सेव्हर आणि बॅटरी सेव्हर बंद आहेत ना ते बघा. फोनमध्ये जागा किती उरलीय तेही बघा. सकाळच्या शुभेच्छांच्या फोटोंनी आणि व्हिडिओंनी भरलेला फोन ॲप उतरवून घेतो, पण इन्स्टॉल करताना गुदमरतो. 'इन्स्टॉल होत आहे' असं दिसतं तेव्हा डाउनलोड संपलेलं असतं. घरात आयफोन असेल तर मोबाईल डेटावर २०० एमबीच्या वरच्या ॲपसाठी तो आधी विचारतो. ॲप स्टोअरच्या सेटिंगमध्ये ते बदलता येतं.

काही किरकोळ जागा पटकन सांगतो. स्टीममध्ये कुणी वेगावर मर्यादा घालून ठेवली नाही ना, ते बघा. लहान भावंडं ऑनलाइन खेळताना लॅग येऊ नये म्हणून घालतात आणि विसरतात. मायक्रोसॉफ्ट स्टोअर किंवा एक्सबॉक्स ॲपवरून घेत असाल तर विंडोज अपडेटच्या पुढच्या पर्यायांत डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन आहे, तिथेही अशी मर्यादा असते. व्हीपीएन चालू असेल तर बंद करून मोजा. घरात कुणाचे फोटो क्लाउडवर चढत असतील किंवा कॅमेरे बाहेर व्हिडिओ पाठवत असतील तर अपलोड भरतो, आणि अपलोड भरला की पोच परत जायला उशीर होऊन डाउनलोडही मंदावतं. स्टॅटिक आयपी (कायम तोच राहणारा इंटरनेटचा पत्ता) घेतला की वेग वाढतो असं कुणी सांगितलं तर चहा पाजून निरोप द्या. ओएनयूवर लाल लाईट किंवा फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची पॉवर उणे २७ डीबीएमच्या खाली, हे दोष असते तर तुमची स्पीड टेस्टही पडली असती, म्हणून त्यात शिरत नाही. मित्राकडे तीच गेम असेल तर त्याचा लॅपटॉप घरी आणून एकाच राउटरला जोडा. २०२३ पासून स्टीम घरातल्या घरात एका मशीनवरून दुसऱ्यावर गेम देतं, इंटरनेटवर भार न पडता.

समजा चाचण्यांचा कौल वरच्या बँडविड्थकडे गेला. मग "नेट स्लो आहे" असा फोन करू नका. त्या वाक्यावर आमच्याकडचा मुलगा स्पीड टेस्टच करणार, तुमच्याकडे झालं तसं. तीन-चार दिवसांची नोंद द्या: तारीख, वेळ, कुठलं स्टोअर, लॅनवर किती मेगाबाइट, त्याच मिनिटाची स्पीड टेस्ट, आणि रिसोर्स मॉनिटरमधला सर्व्हरचा पत्ता, लेटन्सी आणि लॉस यांचा फोटो. आणि टेक्निशियनला नाही, ऑफिसात नेटवर्क बघणाऱ्याला विचारा, "या पत्त्याचा ट्रॅफिक तुमच्या कुठल्या अपस्ट्रीमवरून येतो आणि रात्री तो किती भरलेला असतो?" अपस्ट्रीम म्हणजे त्यांना बँडविड्थ विकणारी वरची कंपनी. हा प्रश्न आला की समोरचा खुर्चीत सरळ बसतो. बऱ्याचदा तो ट्रॅफिक दुसऱ्या अपस्ट्रीमवर वळवणं दहा मिनिटांचं काम असतं, फक्त कुणी नेमकं सांगितलेलं नसतं. तरी दाद लागली नाही तर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. ट्रायच्या (दूरसंचार नियामक) २०१२ च्या नियमांप्रमाणे तक्रारीवर समाधान झालं नाही तर कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे जाता येतं, आणि तिथे तो क्रमांक मागतात. एवढं करूनही हलले नाहीत तर त्याच पैशांत दुसऱ्याचं १०० चं कनेक्शन घ्या. पण घेण्याआधी शेजारी ज्याच्याकडे ते आहे त्याच्या घरी रात्री दहाला स्टीम लावून बघा, त्यांच्या माणसाच्या स्पीड टेस्टवर जाऊ नका.

३०० चा प्लॅन कामाचा ठरेल तो असा: लॅन केबलवर सकाळी आणि रात्री दोन्ही वेळा स्टीम ११ च्या आसपास चालतंय, म्हणजे १०० ची लाइन पूर्ण वापरली जातेय, पोर्ट आणि वायर गिगाबिटच्या आहेत, आणि घरात तिघं-चौघं एकदम वापरतात. तुमचं स्टीम आज ३ वर आहे. आधी केबल लावा आणि सकाळ-रात्रीचे दोन आकडे, हॉटस्पॉटचा एक आकडा आणि पीएस४ चा मॉडेल नंबर एवढं इथे लिहा. त्यावरून पुढचं सांगतो.